बास कुठे गळतोय

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

रोजनिशी सुरू. ऑफिसातल्या कोऱ्या आवक रजिस्टरात लिहितोय. ही फक्त माझ्यासाठी. कुणालाही दाखवायची नाही.

संकल्प एकच. ३० एप्रिलच्या आत बाबांचे जुने स्पीकर पूर्वीसारखे वाजले पाहिजेत.

कारण असं की ३० एप्रिलला धाकटा गाडी घेऊन येतोय, बाबांना कायमचं त्याच्या घरी न्यायला. बाबांनी म्हणे त्याला फोनवर सांगितलं की इथे थोरला माझ्याशी बोलत नाही. हे ऐकून मी उडालोच. वास्तविक बोलत नाहीत ते बाबा! आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला, आणि आता नुसते ओठ हलतात. मी समोर बसून मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून विचारतो, तर दचकतात. ब्याऐंशी वय. कान गेलेत, दुसरं काय.

मी त्यांना जाऊ देणार नाही. मला ते इथे हवेत. हे तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी

स्पीकर माळ्यावरून काढले. कमरेएवढे उंच, लाकडी, एकेक उचलताना नाकी नऊ आले. मी सातवीत असताना बाबांनी घेतलेले. संध्याकाळी ऑफिसातून आले की पाय पसरून त्यांच्यापुढे बसायचे आणि मग जेवताना आमच्याशी दिलखुलास बोलायचे. स्पीकर परत तसे वाजले की बाबा परत तसे बोलू लागतील, आणि धाकटा गाडी घेऊन आला तसा रिकामा जाईल. प्लॅन साधा आहे.

प्रत्येक खोक्यात दोन मोठे कोन, म्हणजे कागदाचे गोल पडदे, एकावर एक. वरच्याला मॅग्नेट, कॉईल, तार, सगळं. खालचा म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर. त्याला मॅग्नेट नाही, कॉईल नाही, तारसुद्धा नाही. वरचा कोन हलला की खोक्यातली कोंडलेली हवा दाबली जाते आणि त्या हवेने हा हलतो. खरा खोल बास, खर्जातला आवाज, इथून येतो. मी हिला हे सगळं समजावून सांगितलं. हिने विचारलं की म्हणजे हा स्वतः काहीच करत नाही? मी म्हटलं नाही, पण त्याच्याशिवाय आवाजाला वजन येत नाही. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली. विषय जरा तांत्रिक आहे.

संध्याकाळी लावून पाहिले. सगळं उशीखालून आल्यासारखं. बास नावालाही नाही. बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, बास गेलाय ना? त्यांनी काहीतरी पुटपुटून मान हलवली. म्हणजे त्यांनाही पटलं.

१० फेब्रुवारी

रेडिओ मेकॅनिक आला. माणूस जुना, हात सवयीचा. त्याने वरचा कोन तळव्याने हळूच आत दाबला, तसा खालचा बाहेर आला आणि तिथेच थांबला. तळवा काढल्यावर परत जागेवर गेला. म्हणाला, हवा कुठूनच सुटत नाही, रबर चांगलं आहे, असे जपलेले स्पीकर हल्ली बघायला मिळत नाहीत. मग गाणं लावून डोळे मिटून ऐकत बसला आणि मान डोलावू लागला. मी त्याला सांगितलं की बास नाही. तो पुन्हा ऐकू लागला. मी पुन्हा सांगितलं.

जाताना दारात काहीतरी दोनदा म्हणाला. मला नीट कळलं नाही (दात पडलेत त्याचे), तेव्हा त्याने स्वतःच्या कार्डामागे लिहून दिलं: कान दाखवून घ्या.

अर्ध्या तासात त्याने बाबांची अवस्था ओळखली! माणूस मनाने चांगला आहे. पण आयुष्य खिशातल्या रेडिओत गेलं, मोठ्या स्पीकरमधलं त्याला काय कळणार.

१६ फेब्रुवारी

हिने कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात लिहिलंय, कान, ५ वाजता. मला न विचारता नंबर लावलाय.

बाबांचे कान तपासायला हवेत हे मला मान्य आहे. पण वेळ कुठली! उद्या डॉक्टर त्यांच्या कानात मशीन बसवणार, मग सगळा आवाज त्या मशीनमधून येणार, मग माझ्या बासची परीक्षा कोण करणार? आधी स्पीकर, नंतर कान. दवाखान्यात फोन करून नंबर रद्द केला. तिथली बाई इतकं हळू बोलते की मला चारदा सांगावं लागलं. असल्या आवाजाच्या बाईला फोनवर बसवतात कशाला?

हिला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत. खोटं बोललो, पण बाबांसाठी.

२५ फेब्रुवारी

निदान झालं. हवा गळतेय. मेकॅनिक काहीही म्हणो. मेणबत्ती घेऊन खोक्याच्या प्रत्येक सांध्याजवळ धरली. ज्योत सगळीकडेच हलत होती. मग पंखा बंद केला. तरी दोन ठिकाणी हलली (मी श्वास सोडला असेल, पण धोका कशाला). दोन्ही खोकी आतून लांबीने (काचा बसवताना लावतात ती) लिंपून काढली.

बाबा पलंगावर बसून बघत होते. घामाघूम. त्यांचे ओठ सारखे हलत होते. जप करत असतील.

४ मार्च

ऑफिसात माझी बदली झाली. तक्रारींच्या टेलिफोनवरून रेकॉर्ड रूमला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बरंच काही सांगितलं, मी मान हलवली. मथितार्थ असा की नळाला पाणी न येणारे लोक माझ्याबद्दल तक्रार करतात, तक्रार ओरडून सांगावी लागते म्हणतात. यात माझा काय दोष? टेलिफोन खराब आहे असे तीन अर्ज मी स्वतः दिलेत. तीनदा नवा आला, तिन्ही खराब.

असो. एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर शांत जागा मिळाली, ही एक प्रकारे कदरच म्हणायची.

रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. एक दिवा. छतापर्यंत फायली. दुपारी शिपायाने बाहेरून कुलूप लावलं आणि जेवायला गेला. दीड तास आत. तो म्हणतो, लावण्याआधी तीनदा हाक मारली. सपशेल खोटं. मी तिथेच होतो, मला ऐकू आली नसती का?

१२ मार्च

नवा शोध! पॅसिव्ह रेडिएटरच्या कोनाला मागून वजन चिकटवलं की तो सावकाश हलतो आणि बास आणखी खोल जातो. लोखंडी वायसर आणले. प्रत्येकी ४० ग्रॅम लावले. फरक नाही. ८० लावले. फरक नाही. आवाज मोठा केला. थोडंसं काहीतरी वाटलं, पण ते मनाचे खेळ असतील. मी स्वतःला फसवणाऱ्यातला नाही.

१५ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. चेहरा लाल. हातवारे करून सांगत होते की त्यांच्या कपाटातल्या कपबशा वाजतात आणि दिवा हलतो. हिने दोन-दोनदा माफी मागितली.

मी मात्र त्यांचे आभार मानले. कोडं सुटलं! बास तयार होतोय. फक्त तो आमच्या खोलीत न येता फरशीतून मास्तरांकडे गळतोय. आमचा बास मास्तर फुकट ऐकणार! ताबडतोब स्पीकरखाली गाद्या घातल्या. गाद्या आमच्या पलंगावरच्या. यावर हिचं म्हणणं काय ते मी विचारलं नाही, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

२३ मार्च

बाबा चार दिवसांपासून कानात कापूस घालून बसतात. संध्याकाळी मी स्पीकर लावायला आलो की आधी कापूस. कान दुखत असणार बिचाऱ्यांचे. वाईट वाटलं. पण हिने पुन्हा उद्याचा नंबर लावलाय, आणि वजन आता १६० ग्रॅमवर आलंय, अगदी मोक्याची वेळ आहे. रद्द केला. हिला सांगितलं, दवाखान्यात रंगकाम चालू आहे.

धाकट्याचा फोन आला होता. बाबा अर्धा तास त्याच्याशी बोलले. म्हणजे बोलता येतं! तिकडे बोलतात, माझ्यापुढे नुसते ओठ हलवतात. मी दोन वायसर जास्त लावले.

२ एप्रिल

आता खोली. खोकी बंद, फरशी बंद, तर उरली खिडकी आणि दार. खिडकीच्या फटींना रुंद चिकटपट्टी मारली. दाराच्या चौकटीला फोमची पट्टी, चांगला गोंद लावून. दार आता खांद्याने ढकलून लावावं लागतं, पण लागलं की डबीचं झाकण.

दहा बाय अकराची खोली. त्यात बाबा, पलंग, दोन स्पीकर आणि मी. मला स्वतःलाच थोडं गुदमरल्यासारखं होतं. दिवसभर ती रेकॉर्ड रूम आणि घरी आल्यावर ही. बाबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. मी ओरडून सांगितलं, एप्रिलभर कळ काढा, तुमच्यासाठीच चाललंय. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तरीपण एक गोष्ट खरी. रोज संध्याकाळी मी तीन-तीन तास त्यांच्याजवळ असतो. डोकं खोक्यात असतं, पण असतो. धाकट्याने आख्ख्या आयुष्यात त्यांना एवढा वेळ दिला नसेल.

११ एप्रिल

२४० ग्रॅम. फरक नाही.

ही हल्ली दाराबाहेर उभी असते. भाजी निवडत, कधी नुसतीच. एकदा डोळे पुसताना दिसली. म्हटलं, काय झालं? तिने हात झटकला. सासऱ्यांच्या जाण्याचं तिलाही वाईट वाटत असेल. मी खूण केली, काळजी करू नकोस, एकोणीस दिवस आहेत.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी ११.४०

आत अडकलोय. बाबा आणि मी.

३२० ग्रॅमची चाचणी घ्यायची म्हणून नवी फोमपट्टी लावून दार खांद्याने नीट बसवलं. ते बसलं. आता निघत नाही. गोंद ओला होता बहुतेक. मूठ ओढली तर मूठ हातात आली. ही बाजारात गेलेली.

१२.०५. गरम होतंय. खिडकीच्या पट्ट्या नखाने निघत नाहीत. माल चांगला आणला होता. बाबांना पाणी हवं असेल तर?

१२.२०. बाबा दाराला तोंड लावून दाराशी बोलतायत. बघवत नाही. अशी वेळ आणली मी त्यांच्यावर? मी ओरडून सांगितलं, बाबा, तिकडे कोणी नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. काही सांगायचंय असं वाटलं, म्हणून हे रजिस्टर आणि पेन त्यांच्या हातात देतोय. दुसरा कागद हाताशी नाही.

(बाबांचं अक्षर) ओरडू नकोस. मला सगळं ऐकू येतं. सूनबाई बाहेर आहे, सुताराला घेऊन आली आहे. तो दार बिजागऱ्यांतून काढतो आहे. तू दारासमोरून बाजूला हो.

१२.४५. वाचून गलबलून आलं. म्हातारपणी माणूस ऐकू येत नाही हे कबूल करत नाही, उलट भलतंसलतं ऐकू येतं म्हणतो. रजिस्टर परत घ्यायला गेलो तर दिलं नाही, पेन तेवढं दिलं. चष्मा लावून मागची पानं उलटत बसलेत. पहिल्या पानापासून. तारखा बघत असतील. वीस मिनिटं झाली. मधेच हसले. आणि एका पानावर बराच वेळ थांबले, पहिल्याच बहुतेक. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहितोय, नंतर इकडे डकवीन

(बाबांचं अक्षर) मंगळवारी पाच वाजता आपण दोघं दवाखान्यात जाऊ. मी स्वतः येतो. या वेळी नंबर रद्द केलास तर बघ.

१९ एप्रिल, दुपारी ३

दार माझ्या अंगावर पडलं. पाठीला सूज. सुतार म्हणाला म्हणे, आतून आजोबा उत्तर देत होते आणि तुम्ही मध्येच उभे. बाबांना अंदाज बांधता येतो, हे मानलं पाहिजे.

दार आता भिंतीला टेकून उभं आहे. पण कान दाखवायला बाबा स्वतःहून तयार झाले, हा दिवसाचा मोठा फायदा.

२१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

जसं झालं तसं लिहितो.

दवाखान्यात मी बाबांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं. बाबा उठले. माझे खांदे धरून मला बसवलं. मी डॉक्टरांना म्हटलं की पेशंट हे आहेत. डॉक्टरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, बहुतेक मी फार मोठ्याने म्हटलं. त्यांनी बाबांच्या कानात दिवा टाकून पाहिलं आणि मान डोलावली, उत्तम. मग माझ्या कानात. मग नर्सला बोलावून तिलाही दाखवलं. मग आणखी एका शिकाऊ डॉक्टरणीला.

कोमट पाणी, पिचकारी, खाली तबक. पाच मिनिटं लागली. दोन्ही कानांतून जे निघालं त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. वजन केलं असतं तर एखादा वायसर भरला असता.

आणि आवाज आला. पंख्याचा. नळाचा. बाहेर कुणाच्या तरी चपलांचा. खुर्ची सरकली तर मी दचकलो. मी म्हणालो, झालं का? आणि माझ्याच ओरडण्याने माझे कान बधिर झाले. असा ओरडत होतो मी? सगळ्यांवर? बाबांवर, त्यांच्या कानाशी जाऊन?

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांचा मळ आहे, अशाने सगळंच दबकं येतं, घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का? बाबा मागून म्हणाले, सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

साधा, भरदार आवाज. बारीक-बिरीक काही झालेला नव्हता. तसाच, सातवीत ऐकायचो तसा. मी तिथेच रडलो. शिकाऊ डॉक्टरणीने दुखलं का विचारलं.

२१ एप्रिल, संध्याकाळी ७.४५

घरी येऊन स्पीकर लावले. गाणं नव्हे, रेडा रेकतोय असा आवाज. ३२० ग्रॅमचा तो खालचा कोन एकदा पुढे गेला तो परत आलाच नाही. डाव्याचं रबर फाटलं. मास्तर जिन्यातूनच ओरडत आले. त्यांचा शब्दन् शब्द ऐकू आला. महिनाभर हेच म्हणत होते का? मग मोठ्या मनाचा माणूस आहे.

२२ एप्रिल

मेकॅनिक आला. खोक्यात हात घालून लांबी चाचपली, वायसर मोजले. म्हणाला, फेब्रुवारीत यांना काही झालेलं नव्हतं. आता यांना मी काही करू शकत नाही. जाताना बाबांशी दारात हळू आवाजात दोन वाक्यं बोलला. तीही ऐकू आली. लिहीत नाही.

२४ एप्रिल

हिला विचारलं, त्या दिवशी दाराशी उभी राहून का रडत होतीस. तर म्हणाली, बाबा सांगत होते ते ऐकून. मी म्हटलं, काय सांगत होते? ही बघतच राहिली.

रोज संध्याकाळी. मी डोकं खोक्यात घालून बसलेला, आणि बाबा पलंगावरून मला सांगत असायचे. आई त्यांना पहिल्यांदा कुठे भेटली. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तिने सात दिवस काय केलं. हे स्पीकर घ्यायला त्यांनी काय विकलं. आई जायच्या आदल्या दिवशी माझ्याबद्दल काय म्हणाली. सगळं, पहिल्यापासून, ओळीने. मी मधूनमधून मान हलवायचो (वायसर बसला की नाही बघायला), म्हणून त्यांना वाटायचं की काहीतरी पोचतंय. हळूहळू कळलं की नाही पोचत. तरी सांगत राहिले.

मी लगेच बाबांकडे गेलो. म्हटलं, बाबा, आता सांगा. कान साफ आहेत. पहिल्यापासून सांगा. बाबा हसले. म्हणाले, सांगून झालं रे. तीन महिने सांगत होतो. तसं एकदाच येतं माणसाला, मागून येत नाही. थोडंफार सूनबाईला माहीत आहे, तिला विचार.

हिला विचारलं. ही म्हणाली, कुकरच्या शिट्टीमुळे निम्मं तिलाही ऐकू आलं नाही.

२८ एप्रिल

खिडकीच्या पट्ट्या खरवडून काढल्या. तीन दिवस लागले. बाबांना स्पष्ट म्हटलं, इथेच राहा. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, तेही हळू आवाजात.

म्हणाले, वाचलंय मी ते, पहिल्याच पानावर. रागावलो नाहीये. पण धाकट्याला शब्द दिलाय, त्याने खोली रंगवून ठेवली आहे. आणि खरं सांगू, तीन महिने डबीत काढलेत, जरा हवा खाऊ दे. रविवारी फोन करीन, आता उचल म्हणजे झालं.

नवा संकल्प: दर रविवारी फोनजवळ बसायचं. सहा महिन्यांनी कान दाखवायचे. बाबांना दिवाणखान्यात पलंग, मोठी खिडकी, दिवाळीपर्यंत तरी परत आणायचं असं लिहिणार होतो, पण तारीख घातली की माझं काय होतं ते मागच्या पानांवर दिसतंय. खोडलं.

३० एप्रिल, सकाळी ९.२०

धाकटा आला. स्पीकर बघून म्हणाला, हे एवढे जड कशाने झाले? मी त्याच्यापुढे चहा केला.

बाबांनी जाताना माझ्या दोन्ही कानांना हात लावला, लहानपणी पिळायचे तसा, पण पिळले नाहीत. खाली गेले. मी त्यांच्या खोलीत खिडकीशी उभा राहिलो. मागे खोलीला दार नाही. तिसरा मजला, तरी सगळं ऐकू येत होतं. धाकट्याने सामान डिकीत ठेवलं. बाबा त्याला काहीतरी सांगू लागले, पहिल्यापासून सुरू केल्यासारखं, आणि तो हसला. मग ते आत बसले आणि गाडीचं दार लागलं.

खोल, भरीव, जराही न फाटलेला आवाज. थेट तळाचा. दोन वर्षांत असा बास ऐकला नव्हता.